शालनच्या वाटणीच्या गोळ्या

वहिनीला मी सगळं सांगते — कुणाशी भांडले, कुणाला काय टाकून बोलले, कुणाच्या लग्नात जेवण कसं भिकार होतं — पण हे नाही. भावाला नाही, आई होती तोवर आईलाही नाही. देवापुढे बसूनसुद्धा कधी तोंडातून काढलं नाही. त्याला माहीत असणारच, परत काय सांगायचं? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि आधीच बजावून ठेवते, ऐकून झाल्यावर “जाऊ दे गं, झालं ते झालं” म्हणायला येऊ नका. मला ते नकोय. मी रडणारही नाही. रडायचं असतं तर तेव्हाच रडले असते. संडासाला आतून कडी लावून बसायला मला तेव्हा पुष्कळ वेळ मिळायचा.

संडासापासूनच सुरुवात करावी लागेल. नाक मुरडू नका, हा आजारच तसला आहे.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्ड सोडून उठायचं नाही, हा तिथला पहिला नियम. उठायचंच झालं तर कुणाला तरी जागेवर बसवून उठायचं. आणि मला इतक्यांदा उठावं लागायला लागलं, की रिसेप्शनवरची मुलगी आधी माझ्याकडे बघायची आणि मग घड्याळाकडे. सगळे जुलाब म्हणायचे. मीही जुलाबच म्हणायचे. रक्त पडतंय हे कुणाला सांगणार? आधी अमिबा म्हणून गोळ्या झाल्या, मग मूळव्याध म्हणून मलम झालं, मग आईच्या ओळखीच्या वैद्यांचा काढा झाला, मग वहिनीने मीठमोहऱ्या ओवाळून नजर काढली. साहेबांना दिल्लीचा फोन जोडून देताना मला दरदरून घाम फुटायचा, की आत्ता उठले नाही तर खुर्चीतच होईल. एकदा झालंही. त्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही.

लग्न झालेलं नव्हतं. व्हायची लक्षणंही नव्हती, आणि खरं सांगू का, मला त्याचं फार काही वाटत नव्हतं. वाशीला भावाच्या घरात राहत होते, पण माझ्या पगारावर राहत होते. वहिनी चांगली आहे, तरी नोकरी नसलेली नणंद घरात असणं वेगळं आणि नोकरी असलेली असणं वेगळं. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? सबब म्हणून नाही. पुढे मी जे केलं ते कशासाठी केलं, हे तुम्हाला नीट कळलं पाहिजे. प्रेमासाठी नाही, पोराबाळांसाठी नाही. त्या बोर्डासमोरच्या फिरत्या खुर्चीसाठी केलं.

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. नाव सांगणार नाही. त्यांची काही चूक नाही, उगाच कुणी त्यांना बोल लावायला नको. तिथे पोटाचे एक डॉक्टर होते. त्यांनी दुर्बीण घालून आत बघितलं आणि सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमाच जखमा. सोसायटीच्या वॉचमनने चोर समजून घरच्याच माणसांना बदडावं, तसं तुमच्या अंगातली राखण करणारी यंत्रणाच आतड्यावर उठलीय, असं म्हणाले. का उठलीय, असं मी विचारलं, तर म्हणाले, तेच तर शोधतोय आम्ही. मला तो माणूस तिथेच आवडला. मला माहीत नाही असं म्हणणारा तो पहिलाच डॉक्टर भेटला होता.

स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं, पण तोंड सुजून पुरीसारखं झालं, झोप उडाली, वाटेल त्याच्यावर खेकसायला लागले. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. मग त्या गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि डॉक्टरांनी विचारलं, आमच्या रिसर्चमध्ये याल का?

तो रिसर्च काय होता, तेवढं सांगते. हा आजार एकदा शांत झाला, की तो तसाच शांत राहावा म्हणून एक औषध रोज घ्यायचं असतं. ते खरंच किती उपयोगी पडतं, आपल्याकडच्या माणसांना किती मानवतं, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून निम्म्या पेशंटना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली गोळी. कुणाला कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, आणि पेशंटलाच काय, आमच्या डॉक्टरांनाही ते माहीत नसायचं. मला हे सगळं मराठीत, सावकाश, दोनदा समजावलं होतं. आणि एक गोष्ट तर बोट नाचवून सांगितली होती — रक्त दिसलं तर त्याच दिवशी या. त्याच दिवशी. तुम्हाला रिसर्चमधून काढू आणि ताबडतोब नीट उपचार सुरू करू. म्हणजे मला कुणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. तुमच्या मनात आलं असेल ना, गरीब पेशंटला खोटी गोळी देतात म्हणजे काय? आलं असेल तर काढून टाका. दार उघडं होतं. मी त्या दाराने गेले नाही.

आता शालन.

हॉस्पिटलात पोटाच्या विभागाबाहेर एक बाकडं होतं आणि बाकड्यासमोर एकच संडास. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या बाकड्यावर माझ्यापुढे एक बाई बसली होती, नऊवारी नाही पण डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या. आतला माणूस बाहेर आला, हिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला हाताने खूण केली, तुम्ही जा. ती स्वतः तोंडात पदराचा बोळा धरून बसली होती. या आजारात अशा वेळी दुसऱ्याला पुढे जाऊ देणं म्हणजे काय, हे तुम्हाला नाही कळणार. मी थँक्यू म्हणण्याइतकीही थांबले नाही. आत पळाले.

साताऱ्याची, कोरेगावच्या बाजूची. नवरा तानाजी कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. राहायला तुर्भे स्टोअरच्या वस्तीत, पत्र्याची खोली, आणि संडास वस्तीच्या टोकाला, सार्वजनिक. विचार करा. मला घरात संडास असून माझे ते हाल, आणि ही डबा घेऊन रांगेत. पण बाईच्या तोंडात कधी रड म्हणून नाही. हसायची तर अशी की बाकड्यावरचे सगळे वळून बघायचे. तिलाही माझ्यासारखंच स्टेरॉइडने बरं करून रिसर्चमध्ये घेतलं होतं. आम्ही दोघी एकाच दिवशी तपासणीला जायचो, मग एकाच बसने परत यायला लागलो, मग माझं ऑफिस तिच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे हे कळल्यावर मी ऑफिस सुटलं की तिच्या खोलीवर टेकायला लागले.

तिच्या घरात एकट्याने खायची पद्धतच नव्हती. मी दारात गेले की जे काय ताटात असेल त्याचे दोन भाग. भाकरी असली तर भाकरी, लाडू असला तर लाडू, एकदा तर एकच खारीक होती, ती दाताने तोडून अर्धी मला. मी म्हणायचे, अगं खा की तू. ती म्हणायची, गावाकडं आमच्या सासूबाई म्हणत्यात, बघत्या माणसाम्होरं खाल्लं की अंगी लागत न्हाई. भोळसट म्हणायचे मी तिला. तोंडावर म्हणायचे.

बघा, मी उगाच घोळ घालतेय. मूळ गोष्टीला हात घालायचा आहे आणि बाकीचंच बोलतेय. बरं.

दर तपासणीला लघवी द्यावी लागायची. छोट्या बाटलीत घेऊन ती खालच्या लॅबच्या खिडकीवर ठेवायची. एका सकाळी आम्ही दोघी मागेपुढेच आत जाऊन आलो आणि बाटल्या हातात घेऊन जिना उतरत होतो. माझी बाटली पाण्यासारखी. आणि तिची — केशरी. संत्र्याचं सरबत असतं ना, तशी. ती लाजली, म्हणाली, गोळ्या चालू झाल्यापासनं असंच हाय, उष्णता असंल. पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलेलं मला आठवलं, की लघवीचा रंग बदलला तर घाबरू नका, आणि त्यावरून आपापसात चर्चा करू नका. गोळ्या बाहेरून हुबेहूब केल्या होत्या, पण खऱ्या औषधाचा रंग लघवीत उतरायचा, हे त्यांना माहीत होतंच. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास टाकला होता. लघवीबद्दल बायका एकमेकींशी बोलणार नाहीत, असंही त्यांना वाटलं असेल.

तेव्हा मला कळलं. खरी तिच्याकडे आणि पिठाची माझ्याकडे. आणि त्या दिवशी मला राग आला, शालनचा. काय कारण? काही नाही. तिला मिळालं आणि मला नाही, एवढंच. लहान मुलींना येतो तसा राग आला, आणि मी तेव्हा लहान नव्हते.

पुढे थोड्या आठवड्यांनी मला परत रक्त दिसलं.

थोडंच होतं. पण हे थोडं कुठे जातं, ते मला माहीत होतं. त्याच दिवशी या, असं सांगितलं होतं ना? मी गेले नाही. कारण गेले असते तर परत स्टेरॉइड, परत सुजलेलं तोंड, कदाचित भरती, आणि ऑफिसात साहेबांनी नुकतीच एक नवी मुलगी माझ्याशेजारी आणून बसवली होती — म्हणे, बोर्ड शिकून घेऊ दे, तुम्ही नसलात तर अडायला नको. याचा अर्थ मला सांगायला पाहिजे का कुणी? परत एक लांब रजा टाकली असती तर ती मुलगी माझ्या खुर्चीत बसली असती आणि मी भावाच्या घरात भाजी निवडत बसले असते.

मी शालनकडे गेले. आणि इथे मी काय केलं ते नीट ऐका, कारण आजवर मी स्वतःलाही ते जरा बरं करून सांगत आले. मी स्वतःला सांगायचे, की तिनेच दिल्या. तिनेच दिल्या हे खरं आहे. पण मी तिच्या समोर बसून सांगितलं, की शालन, तुझ्यात औषध आहे आणि माझ्यात नाही, आणि मला परत रक्त पडायला लागलंय. एवढंच बोलून गप्प बसले. कुणाच्या घरात बसून बोलत होते मी? जिच्या हातून खारीक एकटीने खाल्ली जात नाही तिच्या. ती काय करणार हे मला पक्कं माहीत होतं. मागितल्याचा कमीपणा नको होता, म्हणून मी मागितलं नाही.

ती थोडी घाबरली. म्हणाली, निम्म्या घेतल्या तर मला पुरत्याल का? आणि मी, कंपनीत इंग्रजीतून फोन घेणारी, शिकलेली ताई, तिला म्हणाले की पुरतात. डॉक्टर लोक मुद्दाम जास्त लिहून देतात. निम्म्यातही काम होतं. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. तिथल्या तिथे, तिच्या खोलीत बसून, मनाने रचलं. तिने दोन्ही बाटल्या ताटाच्या दोन बाजूंना रिकाम्या केल्या आणि दोन्हीतल्या सारख्या सारख्या वाटून परत भरल्या. खुणेसाठी दोन्ही बाटल्यांत खऱ्या गोळ्या खाली, मध्ये कागद, वर पिठाच्या; रोज दोन्हीतल्या सारख्या घ्यायच्या. तपासणीला बाटल्या परत नेल्या की हॉस्पिटलात उरलेल्या गोळ्या मोजायचे. आमच्या गोळ्या कायम बरोबर भरायच्या. माझीही लघवी आता जरा केशरी व्हायची, पण कुणाला कुठली गोळी आहे हे लॅबच्या खिडकीवरच्या माणसाला कुठे माहीत होतं?

आणि मग मी तिला शपथ घातली. कुंकवाची. कुणाला बोललीस तर तानाजीची शपथ आहे. जो माणूस दिवसभर पाठीवर पोती वाहतो आणि ज्याची बायको तो घरी येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसते, त्याची शपथ. ती म्हणाली, तसली कशापायी घालता ताई, मी बोलायची न्हाई. मी म्हणाले, घे. तिने घेतली.

मी बरी झाले. हो, निम्म्या गोळ्यांवर बरी झाले. रक्त थांबलं, बोर्डावर दिवस दिवस बसायला लागले, ती नवी मुलगी दुसऱ्या खात्यात गेली. मी तेव्हा काय आनंदात होते म्हणून सांगू! नवीन चप्पल घेतली, केस कापले, ऑफिसच्या पिकनिकला कर्जतला गेले आणि तिथे मिसळ खाल्ली. मला मिसळ खाता आली, याचा आनंद काय असतो, ते मला माहीत आहे. आणि तो आनंद खोटा नव्हता. पश्चात्तापाने काळवंडलेला वगैरे नव्हता. आज तसा होता म्हटलं तर तुम्हाला मी बरी बाई वाटेन, म्हणून म्हणत नाही.

पावसाळा संपता संपता शालनला परत सुरू झालं. आधी तिने मला सांगितलंच नाही. मग मला खोलीत शिरल्यावर तिच्या तोंडावरून कळलं. मी म्हणाले, डॉक्टरांकडे जा. इतकं म्हणाले, हो. पण गोळ्या परत करते, सगळ्या तू घे, असं म्हणाले का? नाही. त्या महिन्याची माझी बाटली माझ्या पर्समध्ये होती, निम्म्या तिच्या गोळ्यांची. मी पर्स मांडीवर धरून बसले आणि उठून घरी आले.

मग ते फार झपाट्याने झालं. ताप, पोट फुगलं, पांढरीफटक पडली. तानाजीने रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. सलाइनमधून स्टेरॉइड चालू केलं, तरी उतार पडेना. मी ऑफिसातून थेट तिकडे गेले तर डॉक्टर मला बघून कॉरिडॉरमध्ये बाहेर आले. थकलेले दिसत होते. त्यांनी सांगितलं, की कुणाला कुठली गोळी ते लिहून ठेवलेल्या पाकिटांतलं शालनचं सीलबंद पाकीट फोडून बघितलं, तिला खरं औषध चालू होतं. पूर्ण डोसवर असताना एवढा जोरात आजार उलटला असेल, तर या औषधाचा तिच्यावर ताबाच नाही, मग वाट बघण्यात अर्थ कमी आहे. सर्जन तयार आहेत. पण तिने मधे औषध चुकवलं असेल, कमी घेतलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग मी अजून काही दिवस थांबून बघीन, म्हणाले. तिला विचारलं तर ती नुसती मान हलवते, आणि तिचा नवरा बिचारा दिवसभर मार्केटात असतो.

“तुमची तिच्याकडे रोज ये-जा आहे,” ते म्हणाले. “ती गोळ्या नीट घेत होती का? मला खरं काय ते सांगा.”

मी म्हणाले, “रोज घ्यायची. पूर्ण. मी बघत होते.”

हेच ते. यासाठी मघापासून एवढं बोलतेय.

त्यांनी मान डोलावली आणि आत गेले. मला कुणी धमकावलं नव्हतं. विचार करायला वेळ नव्हता असंही नाही, मी जिना चढतानाच ठरवलं होतं काय सांगायचं ते. मी घाबरले होते. खरं सांगितलं तर मला रिसर्चमधून हाकलतील, डॉक्टर परत तोंड बघणार नाहीत, माझं औषध बंद होईल, आणि चारचौघांत कळेल की मी एका अडाणी बाईच्या तोंडचं औषध खाल्लं. एवढ्यासाठी. आत शालन पडली होती, शुद्धीत होती, आणि तोंड मिटून पडली होती, कारण मी तिला नवऱ्याची शपथ घातली होती. आत जाऊन तिच्या कानात “शपथ सुटली गं” एवढं म्हटलं असतं तरी ती बोलली असती. मी आत गेले. तिचा हात धरला. म्हटलं, होशील बरी.

दुसऱ्या दिवशी तिचं मोठं आतडं काढलं. पोटाला बाजूला भोक पाडून त्यावर पिशवी लावली, कायमची.

आता तुमच्यातला कुणी शहाणा म्हणेल, की पूर्ण डोसवरही उलटलं असतं कदाचित. थोडे दिवस थांबूनही ऑपरेशनच करावं लागलं असतं कदाचित. या आजाराचा नेम नसतो. मला माहीत आहे. मी पुढे पुष्कळ वाचलं, पुष्कळ डॉक्टरांना आडून आडून विचारलं. तो ‘कदाचित’ मी वर्षानुवर्षं वेलदोड्यासारखा गालात धरून ठेवला होता. आज थुंकून टाकलाय. कारण त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मला तो कदाचित माहीत नव्हता. मला एवढंच माहीत होतं की माझ्या एका वाक्यावर तिचं पोट फाडायचं की थांबायचं ते ठरतंय, आणि मी ते वाक्य खोटं बोलले.

आणि गंमत ऐकायची आहे? रिसर्च संपल्यावर सगळ्यांची पाकिटं फोडली. माझ्या नावावर पिठाची गोळी निघाली. पिठाच्या गोळीवर ही बाई इतकी छान कशी राहिली? डॉक्टर इतके खूश झाले, की शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले आणि मला त्यांच्यापुढे बसवलं. बघा, शरीर कधी कधी आपलं आपण सावरतं, यांच्या केसचा अभ्यास करायला हवा. मला विचारलं, काही वेगळं खात होता का? पथ्य? योगासनं? मी म्हणाले, ताक. एका मुलीने ते लिहूनही घेतलं. खरं औषध घेऊन बिघडलेली एक आणि काहीच न घेता सुधारलेली एक, असा आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या कामात खडा टाकला. त्यांच्या त्या आकड्यांवरून पुढे कुणाला कमी औषध मिळालं असेल, कुणाचं औषध बंद झालं असेल — ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला गेलेही नाही.

मला मात्र नंतर पूर्ण डोस मिळाला, कायदेशीर, माझ्या नावाचा. तो अजून चालू आहे.

शालनकडे जाणं मी बंद केलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, तोंड चुकवत असेन. उलट जास्त जायला लागले. सुरुवातीला तिला ती पिशवी बदलता यायची नाही, वास यायचा, ती लाजून मरायची, गावाहून मदतीला आलेल्या जाऊबाईंना जवळ येऊ द्यायची नाही. तानाजीलाही नाही. मला येऊ द्यायची. मी पिशवी धुतली, कातडी सोलून निघाली तिथे मलम लावलं. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, सख्खी बहीण करणार नाही एवढं ही करते. मी ते ऐकून घ्यायचे. प्रायश्चित्त म्हणून करत होते का? छे. ती कधी काय बोलेल, कुणापुढे बोलेल, याच्यावर माझं लक्ष होतं. माया होती, नव्हती असं नाही. पण लक्षही होतं.

दशक सरत आलं तेव्हा त्यांना कोपरखैरण्यात माथाड्यांच्या घरांत स्वतःची जागा मिळाली. वास्तुशांतीला तिने मला सकाळपासून बोलावलं. तानाजी सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत. तिने माझी ओटी भरली, जरीकाठी साडी दिली, आणि पंगत बसायच्या आधी हात धरून मला आत घेऊन गेली. नवं घर दाखवायला. आणि घरातलं सगळ्यात आधी काय दाखवलं असेल? संडास. पांढऱ्या टाइल्स, नवा नळ, आतून कडी. म्हणाली, आता रांग न्हाई ताई. तिथेच, त्या चार हाताच्या जागेत, तिने दार लोटून घेतलं आणि माझा हात सोडला नाही.

“एक इचारू? तवा दवाखान्यात डाक्टर मला सारखं इचारत हुतं, गोळ्या नीट घेतल्या का. माझ्या तोंडात आलं हुतं, निम्म्याच घेतल्या म्हणून सांगावं. पर शपथ हुती. ह्यांच्या पाठीवर रोज पोतं, मी कशी मोडू? ती मी मोडली असती तर माझं आतडं राहिलं असतं का, ताई?”

तिने किती वर्षं हे पोटात ठेवलं असेल? ती माझ्यावर आळ घेत नव्हती. ती विचारत होती, की चूक तिची झाली का.

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “नाही गं. काही फरक पडला नसता. ते औषध तुझ्या अंगाला लागतच नव्हतं, डॉक्टरच म्हणाले होते.”

तिने सुटल्यासारखा श्वास टाकला. म्हणाली, मग बरं झालं, उगा जीव खात हुतं. आणि पदर खोचून पंगतीला वाढायला गेली.

ती अजून कोपरखैरण्याला असते. आम्ही दर दिवाळीला भेटतो. हे सगळं आता तुम्हाला माहीत आहे. शालनला नाही.